खंयच्या रूटाचो कंडक्टर?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळाआधी गोव्यातल्या सासष्टीत एका कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, माझा तबला आहे, व्हायोलिन वाजवणारी मुलं आहेत, दोन चेलो आहेत आणि समोर एक कंडक्टर असणार आहे, असं मी आईला सांगितलं. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. पेजेत लोणच्याचा खार कालवत तिने विचारलं, "कंडक्टर? खंयच्या रूटाचो?"

आमच्या प्रियोळात, फोंड्याजवळ, कंडक्टर म्हणजे कदंबाचा, गोव्याच्या सरकारी बसचा. तिकिटं फाडणारा, दाराशी लोंबकळणाऱ्यांना आत ढकलणारा, घंटीची दोरी ओढणारा. मी हसलो आणि विषय सोडून दिला. पण फोंड्याहून मडगावला जाताना बसमध्ये तो प्रश्न पुन्हा आठवला. कंडक्टर गाडी चालवत नाही, रस्ताही त्याने बांधलेला नाही. तरी त्याने घंटी दिल्याशिवाय ड्रायव्हर क्लचवरचा पाय उचलत नाही. आईने थट्टा केली नव्हती, नकळत बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

माझ्याबद्दल थोडं. एका हायस्कूलात मराठी शिकवून निवृत्त झालो. वडील पेटी वाजवायचे: जत्रेच्या नाटकांना, सप्ताहाला, आणि सीझन नसेल तेव्हा शेजाऱ्यांना त्रास म्हणून. मी तबल्यावर बसलो तो सहाव्या वर्षी, पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हा. चतुर्थीला घुमट आरत्या (घुमट म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य), श्रावणात भजनी सप्ताह, माघात नाटक. पन्नास वर्षं वाजवलं, पण समोर कुणी उभं राहून हात हलवतंय आणि त्याच्याकडे बघून वाजवायचंय, असं एकदाही झालं नव्हतं. आमच्यात बघायचं ते बुवाकडे, तेही तो चुकला तर.

पहिल्याच तालमीत माझी फजिती झाली. संचालिका वयाने माझ्या मुलीएवढी. सासष्टीतलीच, बाहेर शिकून आलेली, आणि आता आठवड्यातून तीन संध्याकाळी गावातल्या पोरांना गोळा करून वाजवून घेणारी. चौदा जणांचा ताफा, सगळ्यात धाकटा अकरा वर्षांचा. रचना तिची स्वतःची, वृंदावनी सारंगात, ताल रूपक. मला वाटलं, हे तर घरचंच. सात मात्रा, मध्यलय, पोरांना सांभाळून घ्यायचं, झालं.

तिने हात वर नेला, खाली आणला, मी वाजवलं. वाजवलं म्हणजे एकट्यानेच. बाकीचे केसभर मागे होते. पुन्हा तेच, आणि तिसऱ्यांदाही. मी मनात म्हटलं, पोरं कच्ची आहेत, लय ओढतात. तिने हात खाली घेतला आणि फार नम्रपणे म्हणाली, "सर, तुमी म्हजेकडेन पळयनात."

मी तर तिच्याकडेच बघत होतो! चूक तीच होती. मी तिचा हात खाली टेकतो कधी ते बघत होतो आणि त्या क्षणाला चाट मारत होतो. तिने मला बाजूला घेऊन जे समजावलं ते पन्नास वर्षांच्या वादनात मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आमच्यात त्याची गरजच पडत नाही. तबल्यावर बोट पडलं की नाद तयार असतो. गजाचं तसं नाही. गज तारेला भिडतो, तार पकडते, मग स्वर उमलतो. आठ व्हायोलिनं एकत्र उमलायची तर त्यांना हात खाली येण्याआधीच सगळं कळलेलं असावं लागतं: लय किती, जोर किती, स्वर टोकदार हवा की मऊ. हे सगळं ती हात वर नेताना सांगते. हात वर जाताना ती श्वास घेते, आणि तो श्वास चौदा जण घेतात. खाली आलेला हात ही नुसती पोच असते.

मी म्हटलं, म्हणजे आमद! समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आधीची जी येण्याची रीत, तबलजी-नर्तक जिच्यावर जीव टाकतात, ती. समेचं काय, सम सगळ्यांनाच कळते, अगदी पहिल्या रांगेत डुलकी घेणाऱ्या सरपंचालासुद्धा. कसब आमदेचं. ही पोरगी तासभर नुसती आमद करत होती आणि एकही सम स्वतः वाजवत नव्हती.

दुसरी भानगड रूपकाने केली. रूपकाची पहिली मात्रा 'खाली', म्हणजे वजनाविना, रिकामी. ती ती ना, धी ना, धी ना. जिथून सुरुवात, तिथेच डग्गा मुका. त्यांच्या शिस्तीत मात्र पहिल्या ठोक्याला हात वरून सरळ खाली येतो आणि त्याचा अर्थ एकच: इथे वजन टाका. चेलोवाल्या पोरांनी इमानदारीत पहिल्या मात्रेवर वजन टाकलं, त्याच क्षणी मी डग्ग्यावरून हात उचललेला. ऐकायला असं वाटत होतं की एका चालत्या माणसाचे दोन पाय दोन वेगळ्या गावांना निघालेत. ती थांबली, मला ठेका एकट्याने वाजवायला लावला, डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली. मग चेलोंना म्हणाली, एकवर हलकं, चार आणि सहावर बसा. आणि स्वतःच्या हाताची दिशाही बदलली. पहिली मात्रा ती नंतर जणू उचलूनच द्यायची, ठेवून नाही. हे मला फार आवडलं. पुस्तकात कंडक्टरचे हात छापलेले असतात, तीनचे असे, चारचे तसे. तिने आमच्या खालीसाठी स्वतःचा हात मोडून बसवला.

चहाच्या वेळी मी विचारलं, ही सारंगाची कल्पना कुठून सुचली. म्हणाली, माझी नाही, इथल्याच माजोर्ड्याच्या मेस्तांची, म्हणजे संगीतगुरूंची. आणि मग जे नाव तिने घेतलं ते ऐकून मला आधी, लाज वाटते सांगायला, अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ बच्चन आठवला.

अँथनी गोन्साल्विस. 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाण्यामुळे हे नाव भारतात ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही, आणि ते एका खऱ्या माणसाचं नाव आहे हे ठाऊक असलेले थोडेच सापडतील. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं नाव गाण्यात घातलं. गुरुदक्षिणा म्हणून यापेक्षा मोठं काही सुचणं कठीण. पण दक्षिणा इतकी गाजली की गुरू तिच्यामागे झाकला गेला. (1977 हे सालही काय विलक्षण. त्याच वर्षी आमच्या फोंडा महालातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत बसून आकाशात गेली. गोव्याचं एक नाव सिनेमाच्या पडद्यावर आणि एक सूर्यमालेच्या कडेला, आणि गोव्यात मात्र त्या सुमारास आम्ही वीज कधी येते ते बघत बसलेलो.)

गोन्साल्विस 1927 साली माजोर्ड्यात जन्मले. वडील तिथल्या माय द देउस चर्चच्या गायनवृंदाचे मेस्त. पोर्तुगिजांनी इथे जे जे केलं त्यातलं पुष्कळ आमच्या घरांमध्ये अजून दुखऱ्या आवाजात सांगितलं जातं. पण चर्चला जोडलेल्या त्या शाळांनी गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवलं, हे नाकारून चालणार नाही. अक्षरओळख आणि स्वरओळख बरोबरच. व्हायोलिन खांद्यावर आलं की पोराला कागद समोर ठेवून अनोळखी रचना वाजवता यायची. हीच विद्या पुढे सासष्टी-बार्देशच्या शेकडो पोरांना बोटीत आणि आगगाडीत बसवून मुंबईला घेऊन गेली. धोबीतलाव, माझगाव भागातल्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या त्या खोल्यांमध्ये, ट्रंकेशेजारी ट्रंक आणि व्हायोलिनच्या पेटीशेजारी ट्रंपेटची पेटी. रात्री हॉटेलात जॅझ, सकाळी स्टुडिओत सिनेमा, रविवारी चर्चमध्ये मास.

गोन्साल्विस 1943 मध्ये मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यमेळात व्हायोलिनवादक म्हणून लागले. वय सोळा. इथे त्यांच्या कानावर हिंदुस्थानी संगीत पडलं, आणि इतर कितीतरी गोवेकर वादकांसाठी जी केवळ नोकरी होती ती त्यांच्यासाठी ओढ झाली.

त्या काळचं स्टुडिओतलं काम कसं चालायचं ते समजल्याशिवाय या ओढीची किंमत कळत नाही. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. तो बहुतेक कानाचा माणूस. स्वरलिपी लिहिणं त्याच्या गावीही नसे. समोर बसलेले पन्नास वादक त्यातले अर्धे कागदाचे. लिहून दिल्याशिवाय गज उचलणार नाहीत. मधे बसायचा अरेंजर. चाल ऐकायची, लिहायची, अंतऱ्याआधीचे तुकडे रचायचे, गाण्याखालून व्हायोलिनची दुसरी ओळ न्यायची, कोणती फुंक कुठे विरेल ते ठरवायचं, प्रत्येकाचा कागद वेगळा करायचा, आणि टेकच्या वेळी उभं राहून सगळ्यांना एकत्र आणायचं. गाणं सलग एका दमात ध्वनिमुद्रित व्हायचं, एक तार चुकली की पहिल्यापासून. तेव्हा समोर हात करणारा माणूस ही काही चैन नव्हती. आणि एवढं करून पडद्यावर नाव आलंच तर साहाय्यक म्हणून. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी हेच करत होते, फ्रँक फर्नांड कित्येकांसाठी. सी. रामचंद्र, म्हणजे आपले राम चितळकर, आणि चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ यांनी मिळून 1951 च्या 'अलबेला'त केलेला दंगा तर अजून लग्नाच्या वरातीत चालू आहे.

या सगळ्यांत गोन्साल्विसांचं वेगळेपण हे, की त्यांना तीन मिनिटांच्या गाण्याखालची ओळ लिहून समाधान नव्हतं. त्यांना राग पूर्ण वाद्यवृंदावर चढवायचा होता. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले, हे त्यांच्या चरित्रात नेहमी पहिल्या ओळीत येतं. मला ते तिसऱ्या-चौथ्या ओळीत चाललं असतं. पहिल्या ओळीत यायला हवं ते 1958.

1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला. शंभराच्या वर वादक, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रचना त्यांच्या स्वतःच्या: एक 'सोनातिना इंडियाना', एक सारंग रागातला कॉन्चेर्तो, एक तोडी थाटातला व्हायोलिनचा कॉन्चेर्तो. सिनेमातले ते बिननावाचे वादक त्या संध्याकाळी उजेडात बसले होते आणि समोर उभा होता तो त्यांच्यातलाच एक.

मी प्रियोळचा असल्यामुळे असेल, पण या प्रसंगात मला आणखी एक गोष्ट दिसते. आमचा मंगेश मूळचा इथला नव्हे. तो जुवारीच्या पलीकडचा, कुठ्ठाळीचा. 1560 मध्ये देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी लिंग उचललं, नदी ओलांडली आणि प्रियोळात आणून ठेवलं, कारण इकडे पोर्तुगीज अंमल अजून आला नव्हता. तो यायला पुढची दोन शतकं गेली. कुठ्ठाळीहून माजोर्डा दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे ज्यांचं संगीत नदी ओलांडून इकडे आलं आणि ज्यांना तिकडे राहून दुसरं संगीत मिळालं ते शेजारीच होते. मग चारशे वर्षं आम्ही इकडे आरत्या म्हटल्या आणि त्यांनी तिकडे मोतेत, म्हणजे चर्चगीतं. मधे एक नदी, जी माझ्या लहानपणीही बोरीला बघता बघता मागे पडायची, पण ओलांडायचं कारण नसायचं. घुमट तेवढं दोन्हीकडे होतं. आमच्या आरतीतही आणि त्यांच्या मांडो गीतांतही, घोरपडीचं तेच कातडं. आणि दीनानाथ मंगेशकर या मंगेशीत जन्मलेल्या माणसाची मुलगी आणि माजोर्ड्याच्या चर्चमेस्ताचा मुलगा एका मंचावर आले ते कुठे, तर मुंबईत. गोव्यात ती भेट होऊ शकली असती का? 1958 मध्ये गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, सरहद्दीवर नाकेबंदी होती. मला वाटतं नसती झाली, आणि नाकेबंदी हे त्याचं एकमेव कारण नसतं.

आता थोडं तांत्रिक. ज्यांना स्वरांचं वावडं असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद उडी मारून जावं, मी रागावणार नाही.

सारंगात गंधार नाही, धैवत नाही. सा रे म प नी, उतरताना कोमल नी. पाश्चात्त्य संगीताची हार्मनी मुख्यतः एक सोडून एक स्वर घेऊन तिघांना एकत्र बसवण्यावर उभी आहे: सा-ग-प, तशी. सारंगात षड्जावर ही बैठक मांडायलाच येत नाही, कारण मधलं पान रिकामं. पंचमावर मात्र येते: प-नी-रे, अगदी भरघोस. आणि त्यांच्या व्याकरणात पंचमावरची ही बैठक म्हणते, आता घरी चला, षड्जावर चला. चला म्हणून निघावं आणि घरी पोचल्यावर गंधार गायब! कुणी म्हणेल, घाला की एक गंधार, वादकांच्या मागच्या रांगेत, हळूच. घातला की सारंग संपला.

तोडीत उलट अडचण. तिथे कोमल धैवत, षड्ज, कोमल गंधार हे तीन स्वर एकत्र वाजवले तर इतकी गोड बैठक तयार होते की कान धैवतालाच षड्ज समजू लागतो. तानपुरा जे चोवीस तास सांगतो, की सा इथे आहे, ते एक चॉर्ड क्षणात पुसून टाकतो. शिवाय तोडीचा गंधार नेमका कुठे लागतो ते कागदावर कसं लिहिणार? तो पेटीवरही लागत नाही. वडील तोडी वाजवताना त्या पट्टीवर बोट नुसतं ठेवून चेहऱ्यानेच गंधार दाखवायचे. एकटा व्हायोलिनवादक तो घेईल, पण वीस जणांनी घ्यायचा तर प्रत्येकाचं बोट एकाच वेळी, एकाच वेगाने, एकाच ठिकाणापर्यंत घसरलं पाहिजे. गजही एकाच दिशेने. म्हणजे मींड हीसुद्धा कवायत होऊन बसते, आणि तरी ती कवायत वाटता कामा नये. इथे स्वरलिपी थकते. इथे उभा असलेला माणूस लागतो, ज्याला कागदही येतो आणि तो गंधारही.

माझ्या मते गोन्साल्विसांचं खरं नवेपण इथे आहे. रागाला सूट-बूट चढवणारे पुष्कळ झाले, आजही दर आठवड्याला फ्यूजनच्या नावाखाली कुठल्यातरी बीचवर होतात. तिथे बिचारा बासरीवाला एका कोपऱ्यात भूप वाजवतो आणि बाकीचे त्याला झाकतात. गोन्साल्विसांनी कागद वाचणाऱ्यांना आणि कानाने वाजवणाऱ्यांना एका श्वासावर आणायचा घाट घातला, आणि त्यासाठी मधे स्वतः उभे राहिले. ते मेस्ताचं काम होतं.

याच सुमाराच्या आणखी दोघांची आठवण इथे ठेवतो. मेहली मेहता, झुबीन मेहतांचे वडील, मुख्यतः स्वतःच्या जिद्दीवर व्हायोलिन शिकले. त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं. त्या ऑर्केस्ट्रात गोवेकर वादक नसते तर खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. पुढे मेहली परदेशी गेले, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं, आणि लॉस एंजेलिसला जाऊन 1964 मध्ये तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी उभी केली. जिथे गेले तिथे माणसं जमवून वृंद बांधायचा, हा काही जणांचा स्वभावच असतो. दुसरे लोटलीचे आंतोनियो फोर्तुनातो द फिगेरेदो. त्यांनी काम उभं केलं ते पणजीत. 1952 मध्ये तिथे आकादेमिया द मूझिका सुरू केली आणि गोव्याचा स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद चालवला. आज कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकणारी जी पोरं दिसतात, त्यांचा धागा तिथपर्यंत जातो. त्याच इमारतीतल्या मोठ्या नाट्यगृहाला दीनानाथांचं नाव आहे. एका दाराने नाट्यसंगीत आत जातं आणि दुसऱ्याने बाख.

क्वार्टेटला कंडक्टर नसतो. चौघे एकमेकांकडे बघून वाजवतात, पहिला व्हायोलिनवाला मानेने किंवा श्वासाने खूण करतो. हे मला ओळखीचं वाटलं, कारण आमची घुमट आरती अशीच चालते. शामेळवाल्याने, म्हणजे छोटा नगारा वाजवणाऱ्याने, मान तिरकी केली की सगळ्यांना कळतं, आता लय चढणार. 1922 मध्ये मॉस्कोत एका मोठ्या वाद्यवृंदाने, पर्सिम्फान्स त्याचं नाव, कंडक्टरच काढून टाकला होता; क्रांतीनंतर हुकूम देणारा माणूस कशाला, असा विचार. वादक गोल करून एकमेकांकडे तोंड करून बसायचे. दहा वर्षं चालला. बातमी वाचून मी आमच्या मंडळात म्हटलं, बघा, रशियात भजन होतं. पण तालमी किती कराव्या लागत असतील त्यांना! आम्हाला वर्षभर जमायला वेळ असतो. पोटासाठी वाजवणाऱ्यांना नसतो. बरं, कंडक्टर असण्यातही धोके आहेत. फ्रान्सच्या राजदरबारात लुली नावाचा संगीतकार मोठी काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा; ती पायावर बसली, जखम चिघळली आणि 1687 मध्ये तो त्यातच गेला. आमच्या संचालिकेकडे पेन्सिलीएवढी छडी होती. तीही ती बऱ्याचदा केसांत खोवून ठेवायची.

गोन्साल्विसांचा ऑर्केस्ट्रा टिकला नाही. शंभर माणसांचा वृंद जगवायचा तर राजा लागतो, सरकार लागतं, नाहीतर फार मोठा सावकार लागतो. स्टुडिओ शिफ्टचे पैसे देत होता; रागाच्या सिम्फनीला शिफ्ट नव्हती. साठीच्या दशकाच्या मध्यावर ते सिनेमा सोडून शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठात. परत आल्यावर त्या चक्रात पुन्हा पडले नाहीत. माजोर्ड्यात राहिले. 18 जानेवारी 2012 रोजी गेले.

हे सगळं समजल्यावर माझं मला वाईट वाटलं ते साध्या हिशोबामुळे. त्या वर्षांत मी नोकरीनिमित्त मडगावात होतो. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर माजोर्ड्याच्या किनाऱ्यावर गेलो आहे, एकदा नव्हे, दहादा. शहाळं प्यायलो, वाळूत बसून नाट्यगीतं म्हटली, आणि ते गाणंसुद्धा म्हटलं, गळ्यात रुमाल बांधून. त्या माणसाचं घर तिथून जवळच असणार.

तालीम संपल्यावर एका संध्याकाळी मी त्या चर्चला जाऊन आलो. पांढरं, उंच, समोर मोकळी जागा, पोरं फुटबॉल खेळत होती. आत कुणीतरी ऑर्गनवर तेच तेच चार स्वर वाजवत होतं, चुकत होतं, पुन्हा सुरू करत होतं. मी मागच्या बाकावर बसलो. चौथ्या स्वरावर दर वेळी अडखळायचं. मला माझी तबल्याची पहिली वर्षं आठवली आणि वडिलांची चापट. मग आतून एक म्हातारा आवाज आला, रागावलेला नव्हे, नुसता स्वर गुणगुणणारा. वादकाने तो ऐकला, थांबला, आणि या वेळी पुढे गेला. मी बाहेर आलो. मडगावची शेवटची सोयीची बस निघायची होती.

कार्यक्रमाच्या दिवशी कपेल भरलं होतं. पुढे आज्या काळ्या वेषात, मागे भिंतीला टेकून आमच्या वाड्यावरचे सात-आठ जण, चपला दाराशी काढाव्यात की नाही या गोंधळात अर्ध्यांनी काढलेल्या. आईला मी गाडीने आणलं होतं. ती पहिल्या रांगेत, एका आजीच्या शेजारी, आणि दोघींचं आंब्याच्या कलमांवरून सुरूही झालं होतं.

सारंग शेवटी होता. मी या वेळी हात बघितलाच नाही, तिचा खांदा बघितला. तिने श्वास घेतला, मी घेतला. पहिली मात्रा मुकी गेली आणि चेलोंनीही ती मुकी जाऊ दिली. चौथीवर सगळे एकत्र बसलो, आणि मला वाटलं, हां, आता एकाच गावाला निघालो. मधे एका जागी धाकटा व्हायोलिनवाला एक ओळ आधीच शिरला. ती हसली, डाव्या हाताची बोटं त्याच्याकडे नुसती मिटली, तो थांबला. बाकी कुणाला कळलंसुद्धा नाही. शेवटच्या तिहाईला, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवून समेवर येतात तिथे, तिने जे केलं ते तालमीत ठरलेलं नव्हतं. तिने दोन्ही हात खाली सोडले आणि माझ्याकडे वळून उभी राहिली. चौदा माना माझ्याकडे वळल्या. तिहाई मी नेली, आणि समेवर गज पडले ते, देवाशपथ, केसभरही मागे नव्हते.

परत येताना बोरीच्या पुलावर आईने काच खाली करायला सांगितली. वारा खात थोडा वेळ बसली. मग संचालिकेबद्दल म्हणाली, "त्या चलयेन कितें वाजयलें?"

"कांयच ना."

"मागीर इतलो घाम कित्याक?"